हरणासाठी कुठली रायफल?

मी कुवेतला निघाले त्या दिवशी बाबा ड्यूटीवरून थेट नागपूर विमानतळावर आले, खाकी गणवेशातच. चंद्रपूरकडच्या जंगलात ते वनरक्षक होते. "जावयांशी फार वाद घालू नको बाई," म्हणाले. मला पोचवायला आलेली तुम्ही सगळी भावंडं हसलात.

इतकी वर्षं बऱ्यापैकी पाळलंही. पण या हिवाळ्यात मकरंदनं हद्द केली.

माझा नवरा मकरंद नाशिकचा, कुवेतच्या शुऐबा या कारखान्यांच्या भागातल्या प्लँटमध्ये इंजिनिअर. जत्रेतले फुगे सोडले तर आयुष्यात त्यानं कशावर नेम धरलेला नाही. त्याचे मॅनेजर अबू सालेम दर वर्षी हंगेरीला हरणाच्या शिकारीला जातात. यंदा त्यांनी याला विचारलं आणि हा चक्क हो म्हणाला. रायफल तिथं भाड्यानं मिळते, पण कुठली हवी ते आधी कळवायचं. झालं. सलव्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवताना रोज तेच. मॅग्नम की कमी धक्क्याची थ्री-नॉट-एट? गोळी केवढ्या वजनाची? "बाबा, व्हाय कान्ट यू टेक अ कॅमेरा?" लेकीनं विचारलं, तर तिलाही समजावत बसला.

अबू सालेमचा एकच हेका, "मॅग्नम, हबीबी." मकरंद सरावाला मॅग्नम चालवून आला तो खांदा काळानिळा करून. शेकायला पिशवी मीच दिली. वर मलाच विचारतो, "तू जंगलात वाढलीस, तुला काय वाटतं?"

तेव्हा मात्र माझा संयम संपला. "मी शिकाऱ्याच्या घरात नाही वाढले. शिकाऱ्यांना पकडणाऱ्याच्या घरात वाढले." आणि त्याला कधीच न सांगितलेलं सांगून टाकलं. आमच्या क्वार्टरमागच्या नाल्यात एकदा चितळाची मादी सापडली होती. कुणीतरी ठासणीच्या भरमार बंदुकीनं छर्रे मारलेले, पोटात लागून ती पळालेली. अजून जिवंत होती. बाबा तिच्याजवळ बसून राहिले, ती जाईपर्यंत. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

"जायचंच असेल तर जिचा धक्का तुला सोसतो ती घे," मी म्हटलं. "गोळी मऊ टोकाची, आत जाऊन फुलणारी. आणि नेम पक्का नसेल तर चाप ओढू नको." बाबांच्या केसेस ऐकून एवढं तर कळत होतं.

त्यानं थ्री-नॉट-एट कळवली. गेला, एक हरीण मारलं, शिंगं तिथंच सोडून आला. आल्यावर विषयही काढेना. मला वाटलं, सुटले.

मग बाबांचा व्हिडिओ कॉल आला. रिटायर झाल्यापासून ते नागपुरात फ्लॅटमध्ये राहतात. मकरंदनं चाचरत सगळं सांगितलं.

"कुठं लागली?" बाबांनी विचारलं.

"पुढच्या पायामागं, छातीत."

"तिथंच पडलं?"

"थोडं धावलं आणि पडलं."

"आमच्या बीटाच्या हद्दीत सापडला असतात तर जीपमध्ये घालून नेलं असतं तुम्हाला, जावईबापू," बाबा म्हणाले आणि हसले. त्यानंतर सासरे-जावई कितीतरी वेळ वारा, अंतर आणि गोळ्या यांवर बोलत बसले. मी स्वयंपाकघरात रागारागानं कांदा चिरत होते. त्या मादीची आठवण करून द्यावी असं ओठांवर आलं होतं. बाबा इतके मोकळे हसत होते की नाही दिली.

तुम्ही फोनवर विचारता, घराची आठवण येते का. कुठल्या घराची? ते क्वार्टर सोडून बाबा कधीच निघून गेले, तुम्हीही गेलात. तिथं अजून राहते ती मी एकटीच, सलव्यात राहून.