आत्याबाईंचे बिनसाखरेचे शंकरपाळे

रायपूर शहरात कुत्र्यांच्या पोटाची जेवढी काळजी आमच्या आत्याबाईंनी वाहिली, तेवढी माणसांच्या पोटाची एखाद्या डॉक्टरानंही वाहिली नसेल. हे मी कुत्र्यांना कुरवाळणाऱ्या, स्वेटर घालणाऱ्या, त्यांच्याबरोबर फोटो काढणाऱ्या बाईबद्दल सांगत नाहीये. आत्याबाईंनी उभ्या आयुष्यात कुत्र्याला हात लावला नव्हता. रस्त्यानं जाताना एखाद्याची शेपटी साडीला पुसटशी जरी लागली, तरी त्या घरी येऊन डोक्यावरून आंघोळ करायच्या. भर थंडीतसुद्धा. आणि आंघोळ झाली की ओले केस तसेच गुंडाळून त्याच कुत्र्यासाठी नाचणीचं पीठ मळायला बसायच्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी आत्या. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेल्या घराण्यातल्या. लग्न केलं नाही, बूढ़ापाऱ्यातल्या एका बोळात दोन खोल्या आणि एक अंगण एवढ्यात एकट्या राहायच्या. सगळी नोकरी मुलींच्या शाळेत खेळ शिकवण्यात गेली. त्यामुळे जगाकडे बघण्याची त्यांची एक पद्धतच ठरलेली होती: समोरचा प्राणी धावला तर त्याला दम लागेल की नाही? लग्नाला मुलगी बघायला गेल्या तरी त्या तिचे गुडघे बघायच्या. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सगळे माझ्या शिक्षणाबद्दल विचारत होते आणि आत्याबाई म्हणाल्या, "पोट्टी पाठ वाकवून बसते. बाकी ठीक आहे."

निवृत्त झाल्यावर शिस्त लावायला त्यांच्या हाताखाली कोणी उरलं नाही. मग त्यांची नजर बोळातल्या कुत्र्यांवर पडली. शेजारचे लोक प्रेमानं कुत्र्यांना टोस्ट टाकायचे, क्रीमची बिस्किटं टाकायचे, उरलेली जिलबी टाकायचे. कुत्री ते खाऊन दिवसभर स्कूटरच्या सावलीत आडवी. कोणाचे केस गळलेले, कोणाचं पोट जमिनीला टेकलेलं. आत्याबाईंना कुत्र्यांची दया आली असं मी म्हणणार नाही. त्यांना त्यांच्या तब्येतीचा राग आला. "हे काय खाऊन राहिले बापा? मैदा! साखर! हे कुत्रे आहेत का वरातीतले पाहुणे?" असं म्हणून त्या थेट जनावरांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि कुत्र्याला काय चालतं, काय चालत नाही ते त्याच्याकडून घोकून आल्या. कांदा नाही, लसूण नाही, मनुका नाहीत, चॉकलेट तर नाहीच. मीठ नको, साखर नको, तळलेलं नको. मग राहिलं काय? नाचणी, तांदळाचं पीठ, सातू, लाल भोपळा, गाजर, रताळं. एवढ्यावर आत्याबाईंनी जे उभं केलं, ते पाहून मिठाईवाल्यानं दुकानाची फळी लावून घ्यावी.

भोपळा उकडून, त्याचा लगदा करून, त्यात नाचणीचं पीठ भिजवायचं. पोळी लाटायची आणि शंकरपाळ्याच्या फिरकीनं चौकोन कापायचे. कुत्र्यासाठी हाडाच्या आकाराची बिस्किटं असतात हे मी त्यांना एकदा सांगितलं, तर म्हणाल्या, "काहून? त्यांना हाड माहीत नाही का? फसवायचं कशाला?" चौकोन भाजायला त्यांच्याकडे बाट्या भाजायचं ते गोल झाकणाचं भांडं होतं. गॅसवर ते ठेवायचं आणि समोर पाटावर ताठ बसून राहायचं. पहिला घाणा थंड झाला की त्यातला एक चौकोन आत्याबाई स्वतः खायच्या. डोळे मिटून, बारीक चावून. "जे मले गोड लागत नाही ते दुसऱ्याले कसं देऊ?" कुत्र्याची चव वेगळी असेल, हा मुद्दा त्यांनी कधी विचारातच घेतला नाही.

हे चौकोन हुबेहूब शंकरपाळ्यांसारखे दिसायचे, त्यामुळे व्हायचं ते झालंच. एका संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढे चुकून तोच डबा गेला. बायका खात होत्या, एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी एक म्हणाली, "आत्याबाई, गोड नाही काही, पण खुसखुशीत आहेत हो. शुगरवाल्यांसाठी केलेत का?" दुसरी कोणी असती तर हो म्हणून मोकळी झाली असती. आत्याबाईंना खोटं बोलताच यायचं नाही. त्यांनी डबा पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, "नाही. कुत्र्यांचे आहेत." बायकांचे हात तोंडापाशीच थांबले, तसा त्यांनी घाईघाईनं धीर दिला, "पण घ्या, घ्या, अंडं नाही त्यात!"

संध्याकाळी उन्हं कलली की त्या दारात उभ्या राहून शिट्टी फुंकायच्या. शाळेतलीच शिट्टी. बोळातली सगळी कुत्री येऊन चार हात अंतरावर थांबायची. जवळ यायचं नाही, हा नियम होता. आत्याबाई लांबूनच एकेक तुकडा नेम धरून टाकायच्या, आणि बोलायच्या ते अहो-जाहोत. "काळेराव, तुम्ही काल आला नाहीत. गंगूबाई, ढकलाढकली नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबा." चाळिशी ओलांडलेल्या माझ्या नवऱ्याला मात्र "ए पोट्ट्या" अशीच हाक. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "घरातली पोट्टी तर मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात. हे निदान मराठीत सांगितलं तर ऐकून राहिले. मान द्यावा लागते."

मी नाशिकची. लग्न होऊन रायपुरात आले आणि वर्षभरात नवऱ्याची बदली कोरब्याला झाली. माझी नोकरी इथली, म्हणून चौबे कॉलनीतल्या भाड्याच्या घरात मी एकटी राहिले. नवरा रविवारी यायचा. सोमवार ते शनिवार मी आणि गंपू. गंपू मला तेलीबांधा तलावाच्या कडेला सापडला होता, तळहातावर मावेल एवढं कुत्र्याचं पिल्लू, एक कान उभा आणि एक पडलेला. माझ्याशी घरात बोलणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी त्याच्याशीच बोलायचे. ऑफिसात काय झालं, भाजीवाला काय म्हणाला, आईचा फोन का आला नाही. तो पडलेला कानही थोडा उचलून ऐकायचा. आत्याबाई महिन्यातून एकदा यायच्या, फाटकाबाहेरूनच त्याचं पोट, त्याचे पाय निरखायच्या, "बरा आहे," असा शेरा द्यायच्या आणि चौकोनांचा डबा माझ्या हातात देऊन जायच्या.

एका लग्नसराईत कॉलनीतल्या मैदानावर मांडव पडला. सकाळी गंपू फाटकाच्या फटीतून निसटला आणि मांडवामागे टाकलेल्या तळलेल्या खाण्यात त्यानं मनसोक्त तोंड घातलं. दुपारपर्यंत ओकाऱ्या सुरू झाल्या. संध्याकाळी त्याला उभं राहता येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वादुपिंडाला सूज आहे. सलाईन लावली, इंजेक्शनं दिली. दोन दिवसांनी ओकाऱ्या थांबल्या, पण गंपू अन्नाला तोंड लावेना. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दीदी, दवाई अपना काम कर चुकी है. अब इसको खुद खाना पड़ेगा. थोड़ा-थोड़ा, बिना तेल का. नहीं खाया तो मुश्किल है."

मी घरी आणून त्याला पोत्यावर ठेवलं. भात पुढे केला, त्यानं मान फिरवली. दही पुढे केलं, मान फिरवली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याचा उभा कानही पडला होता. मी नवऱ्याला फोन केला, तर रजा मिळत नव्हती. मग आत्याबाईंना केला. सांगता सांगता मला रडू आलं. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "रडू नको. येऊन राहिली मी."

तासाभरात फाटकाशी ई-रिक्षा थांबली. आत भाजायचं भांडं, दोन पातेली, पिठाचे डबे, एक अख्खा भोपळा आणि या सगळ्याच्या मध्ये ताठ बसलेल्या आत्याबाई. आल्या आल्या त्यांनी व्हरांड्यात लांबूनच गंपूकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग पदर खोचून म्हणाल्या, "कडक काही नको याले. वाफवलेलं देऊ. फरे करते." फरे म्हणजे इकडे तांदळाच्या पिठाच्या वळ्या करून वाफवतात ते. आत्याबाईंनी त्यात भोपळा घातला, मीठ गाळलं, आणि करंगळीएवढे मऊ फरे करून ताटलीत मांडले. गंपूनं वास घेतला. मान फिरवली.

"मांस लागन याले," आत्याबाई म्हणाल्या. "कोंबडी शिजवता येते का तुले?"

मला येत नव्हती. आमच्या घरात कधी अंडंही आलं नव्हतं. आत्याबाईंच्या तर सात पिढ्यांत नाही. त्या पायात चपला घालून बाहेर पडल्या. मागून मीही गेले. कोंबडीच्या दुकानासमोर आत्याबाई नाकाला पदर लावून, दुकानाकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे बघत ओरडल्या, "भैया, बिना चमड़ी का, बिना चरबी का. बीमार के लिए है!" दुकानदार अदबीनं म्हणाला, "माताजी, सूप के टुकड़े कर दूँ? मरीज की उमर क्या है?" आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तीन साल." दुकानदाराचा चेहरा एकदम उतरला. त्यानं आणखी दोन चांगले तुकडे वर घातले आणि म्हणाला, "भगवान जल्दी अच्छा करे बच्चे को." खरं सांगायला आत्याबाईंनी तोंड उघडलं, आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मिटून घेतलं. होकारार्थी मान हलवून "हव," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर पातेलं चढलं. मी ढवळत होते आणि आत्याबाई भिंतीकडे तोंड करून, जनावरांच्या डॉक्टरकडून घोकलेल्या सूचना देत होत्या. "उकळलं का? फेस काढ. आता गार होऊ दे. वर तूप आल्यासारखं दिसन, ते पुरं काढून टाक." मग त्या पाण्यात त्यांनी स्वतः पीठ भिजवलं. नाक आवळून, ओठ मिटून, पण हातानंच. मांसाचे बारीक धागे करून मीच घातले. नवे फरे वाफवले. या वेळी मात्र चव त्यांनी पाहिली नाही. माझ्याकडे बघून ओशाळून म्हणाल्या, "एवढ्या वेळेले माफी."

ताटली पुढे ठेवली. गंपूनं नाक हलवलं. जीभ बाहेर आली, पुन्हा आत गेली. मान ताटलीपर्यंत खाली येईना, त्याच्यात तेवढी ताकदच नव्हती. मी भरवायला गेले तर त्यानं तोंड घट्ट मिटलं. माझ्या हातून त्याला दोन दिवस औषधंच मिळाली होती, माझ्या हातावर त्याचा विश्वास उरला नव्हता.

तेव्हा आत्याबाई खाली बसल्या. गुडघे दुखत असतानाही फरशीवर मांडी घातली, एक फरा तळहातावर ठेवला आणि हात गंपूच्या तोंडाशी नेला. "घ्या गंपूराव," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी धर्म बुडवला आहे. आता नखरे नका करू."

त्यानं आधी फऱ्याला नाही, त्यांच्या हाताला चाटलं. मनगटापासून बोटांपर्यंत, हळूहळू. आत्याबाईंनी डोळे घट्ट मिटले, पण हात हलवला नाही. मग त्यानं फरा उचलला. चावला. गिळला. आणि पुढच्याची वाट बघत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"किती गरम आहे वं याची जीभ," आत्याबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "ताप आहे का याले?"

"नाही आत्याबाई. कुत्र्यांची असतेच."

"असन. मले काय माहीत," त्या म्हणाल्या आणि दुसरा फरा तळहातावर ठेवला.

त्या दिवशी आत्याबाईंनी आंघोळ केली नाही. हात धुतले, तेही जेवायच्या वेळी. गंपू उठून फाटकापर्यंत धावेपर्यंत त्या माझ्याकडे राहिल्या. दिवसातून थोडंथोडं पाच-सहा वेळा भरवायचं, तर मी ऑफिसात असताना ते सगळं त्यांनीच केलं. संध्याकाळी आले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा. आधी वाटायचं त्या फोनवर बोलताहेत. बोलत असायच्या गंपूशी. शाळेच्या, मुलींच्या, कुठल्यातरी जिंकलेल्या खो-खोच्या सामन्याच्या गोष्टी. आणि त्या गोष्टींत मग मीही बसायला लागले. रायपुरात आल्यापासून पहिल्यांदाच मला संध्याकाळी घरी जायची घाई असायची.

आता आम्ही तेलीबांध्याकडे राहतो. नवरा परत आला, गंपू म्हातारा झाला, आणि गेल्या उन्हाळ्यापासून आत्याबाई आमच्याकडेच आहेत. त्यांना आता नीट दिसत नाही. बूढ़ापाऱ्यातल्या कुत्र्यांना खाऊ पोचवायचं काम माझ्याकडे आलं आहे. रविवारी सकाळी मी पीठ भिजवते आणि त्या शेजारी खुर्ची ओढून बसतात. परवा मळता मळता मला फार वाटलं की त्यांना एकदा सांगावं, तुम्ही आला नसता तर माझं या शहरात काय झालं असतं कोण जाणे. पण आमच्या घरात असलं कोणी बोलत नाही, आणि त्यांना तर ते मुळीच आवडलं नसतं. मी पिठाची परात त्यांच्या मांडीजवळ नेली आणि म्हणाले, "बघा बरं, जमलंय का?"

त्यांनी चाचपडत हात पुढे केला. आधी माझी बोटं लागली, ती त्यांनी क्षणभर तशीच धरून ठेवली. मग गोळ्यात अंगठा दाबला.

"थोडं घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "पाणी लाव. घाई नाही काही."