डाव्या हाताचा पाईप

पाईप विकत घेताना सिस्टर अक्का तो आधी दुमडून बघायच्या. दुकानदाराने वेटोळं पुढे टाकलं की त्यातला हातभर भाग उचलायचा, घडी घालायची, सोडायची आणि पाईप पुन्हा गोल होतोय का याकडे टक लावून बघत राहायचं. मग तो बोटांनी चेपायचा. मग नाकाशी धरायचा, कारण हलक्या मालाला जळक्या रबराचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं. बीदरच्या बाजारातला नेहमीचा दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "अम्मा, पाइप लेरे या बेटी के वास्ते दुल्हा देखरे?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "दुल्हे कू मोड़के नै देख सकते ना बाबा. इसकू देख सकते."

निंबर्ग्याहून शाळेच्या नोकरीसाठी मी बीदरला आले, तेव्हा तिथल्या मैलूर भागातल्या त्यांच्या घराची माडी भाड्याने घेतली होती. अक्का सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झालेल्या. सगळं आयुष्य सलाईनच्या नळ्या सांभाळण्यात गेलेलं, त्यामुळे कुठलीही नळी दुमडलेली दिसली की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. त्यांचं माहेर औरादकडचं. लहानपणी आई घागर घेऊन विहिरीपासून लांब उभी राहायची, कुणाच्या तरी मनात येऊन पाणी वाढलं जाईपर्यंत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, अंगणातला नळ सोडता सोडता. "ह्या नळाला कुणाला इचारायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि जास्वंदीकडे वळल्या.

खरं तर बाग होती अण्णांची. अण्णा म्हणजे अक्कांचे यजमान, शाळेत चित्रकला शिकवायचे. मोगरा, जास्वंद, लिंबू, सीताफळ, मागच्या भिंतीशी पेरू. पाईप आणायचा अक्कांनी आणि पाणी घालायचं अण्णांनी, अशी वाटणी. अण्णांना पारदर्शक पाईप आवडायचा, आतून पाणी पळताना दिसतं म्हणून. अक्का म्हणायच्या, "दिसतंय खरं, पण ऊन लागून आत शेवाळ धरतंय. बघायला चांगलं आन् वापरायला चांगलं, ह्यात फरक असतोय मास्तर." अण्णा नुसते हसायचे.

मग एका सकाळी अण्णा दाढी करताना कोसळले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर ते खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे बघत पडून राहायचे. ज्या हाताने चित्रं काढली तो हात उशीवर ठेवल्या जागी राहायचा. जेवण भरवलं तर जेवायचे, नाही तर नाही.

बाग सुकायला लागली. मी बादलीने पाणी घालायला गेले, तर अक्कांनी हात धरला. "असू दे पोरी. झाडं जगतील एवढं मी घालायलेय. थोडी सुकलेली दिसू दे. कधी तरी हे कूस बदलतील, तवा खिडकीतून दिसंल."

बेंगळूरहून त्यांचा मुलगा आला. तो म्हणाला, "आई, ठिबक बसवून देतो. कुणाला हात लावायला नको."

"आन् मग ह्यांनी उठायचं कशाला?" अक्कांनी विचारलं.

अण्णांनी खरंच एके दिवशी कूस बदलली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी अक्कांनी त्यांना धरून अंगणात आणलं आणि डाव्या हातात जुना पाईप दिला. तो जाड रबराचा, पाण्याने भरल्यावर त्यांना उचलवेना. मग अक्कांनी पातळ, हलका पाईप आणला. तो उन्हात मऊ पडला, वळणावर दुमडला आणि पाणी बंद झालं. अण्णांनी तो झटकला, पुन्हा झटकला, शेवटी फेकून दिला आणि पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडले. अक्का शेजारी बसल्या. "पाईप चुकलाय," त्या म्हणाल्या. "तुमचं कायबी चुकलं न्हाई."

त्या संध्याकाळी त्या मला घेऊन बाजारात गेल्या. या वेळी दुमडून, वास घेऊन झाल्यावर त्यांनी दुकानदाराला पाईप त्याच्या नळाला लावायला सांगितला. "रिकामा पाईप कुणालाबी हलकाच लागतोय. भरून दे." मग उजवा हात पदरात गुंडाळून कमरेशी घट्ट धरला आणि नुसत्या डाव्या हाताने त्या पाईप ओढून, उचलून बघू लागल्या. पाईपच्या टोकाला लावायच्या तोटीची कळ डाव्या अंगठ्याने दाबून बघितली. घट्ट होती. दुसरी मागितली. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. दुकानदार आधी हसला, मग त्याचं हसू विरलं. "घर में किसकू हुआ अम्मा?" त्याने हळूच विचारलं. अक्कांनी सांगितलं. त्यानंतर त्याने माळ्यावरचा माल स्वतः चढून काढला. मऊ, पण आत जाळी असलेला, म्हणून न दुमडणारा, बारीक पाईप निघाला. अक्कांनी तो आखूडच कापून घेतला. लांबी वाढली की पाण्याचं वजन वाढतं, म्हणून मागच्या भिंतीशी दुसरा नळच बसवून घ्यायचं त्यांनी ठरवलं.

पहिल्या दिवशी पाणी झाडांपेक्षा भिंतीवर जास्त उडालं. अक्का मोगऱ्यासमोर उभ्या होत्या, साडी भिजली तरी हलल्या नाहीत. अण्णांचा चेहरा ताणला गेला, ओठ वाकडे झाले आणि कित्येक महिन्यांनी शब्द बाहेर आला. "सरक!"

अक्का सरकल्या. मग माझ्याकडे बघून पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बघ, इतक्या दिवसांनी बोलले, आन् ते बी खेकसून!"

त्यानंतर अण्णा रोज सकाळी बागेत असत. शब्दही एकेक करून परतले. माझं लग्न झालं, मी बीदरमध्येच दुसरीकडे राहायला गेले. आणि ज्यांची आम्ही सगळे काळजी करत होतो ते राहिले, अक्काच गेल्या. दुपारी जरा आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत.

मुलगा अण्णांना बेंगळूरला न्यायला निघाला. अण्णांनी मान हलवली. "न्हाई. झाडं हायत," एवढंच म्हणाले. मुलाने मला बोलावलं, समजूत काढायला. मी अण्णांजवळ बसले, त्यांच्याकडे बघितलं, आणि समजूत मुलाचीच काढली. स्वयंपाकाला एक बाई ठेवली, शेजाऱ्यांना सांगून ठेवलं.

महिनाभराने मी भेटायला गेले तेव्हा बाग हिरवीगार होती. मी विचारलं, "अण्णा, एकटं वाटतं का?"

ते बराच वेळ शब्द जुळवत होते. मग म्हणाले, "सकाळ जातीय. संध्याकाळ... जात न्हाई."

तेव्हापासून मी संध्याकाळी जाते.