जर्मन रणगाडा, रनाळ्याची काळी माती

मंडळी, दोन महिने खपून मी प्लास्टिकचे तुकडे जोडले आणि महायुद्धातला जर्मन रणगाडा उभा केला. गुरू एकच, मोबाईल.

आज सकाळी आमचे व्याही आले. शोकेसकडे बघत म्हणाले, "त्या जुलमी लोकेसनं गाडं घरमा कसाले? फेकी द्या."

बोलणं झोंबलं, कारण ते खरं होतं; रणगाडा शोकेसमध्ये जिंकल्यासारखा मिरवत होता. पण फेकणार नव्हतो.

दुपारी आमच्या रनाळ्याच्या शेतातली काळी माती आणली, डिंकात कालवली आणि रणगाडा तिच्यात पोटापर्यंत रुतवला. व्याह्यांना परत बोलावलं.

"आते देखा. आपली मातीमा भलाभला रुततस."

ते हसले, "ट्रॅक्टर लई येऊ का काढाले?"

"नको. हाऊ आठेच ऱ्हाई."

आणि तो तिथेच राहणार. तुम्ही काय केलं असतं?