मानकऱ्याच्या मांड्या आणि सलाईनची बाटली

“सलाईन संपेपर्यंत पेशंटला उठवायचं नाही,” असं मला सांगण्यात आलं. पेशंटला उठवणं हाच माझा व्यवसाय. मी खुर्ची ओढून बसले.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रत्नागिरीत माझं छोटं क्लिनिक आहे. त्या काळात आठवड्यातून दोनदा मी शहरातल्या एका नव्या वेलनेस सेंटरमध्येही जात असे. आमच्या जिल्ह्यात आभाळ चार महिने फुकट धबधबे पुरवतं. तरी सेंटरच्या स्वागतकक्षात मोटरवर चालणारा एक धबधबा बसवला होता. डायरेक्टर सर पुण्याचे. ते डॉक्टर नव्हते, पण पांढरा कोट घालत. कोट घालायला डिग्री लागत नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

सलाईन लावलेले काका पूर्णगडच्या अलीकडच्या एका गावचे. साठीचे, थोडं भात आणि थोडी आंब्याची कलमं असलेले. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला, खूप दिवस अंथरुणात गेले. फुप्फुसं सुधारली, हृदय ठीक असल्याचा फिजिशियनने निर्वाळा दिला. पाय मात्र गेले. अंगणातून पडवीत चढले तरी धाप लागे. मुंबईच्या मुलाने फोनवर जाहिरात पाहून ‘मायटोकॉन्ड्रिअल रिचार्ज’ नावाचं पॅकेज घेऊन दिलं होतं. त्यात सलाईनमधून जीवनसत्त्वांची बाटली, लाल दिव्याखाली झोपणं आणि ‘ऊर्जा वाचवण्यासाठी’ विश्रांती, असं सगळं होतं.

“बाय, बाकी काय नको,” काका मला म्हणाले. “शिमग्याला पालखीला खांदा लावायचा हाय. तेवढं बग.”

त्यांच्या गावात शिमग्याला देवीची पालखी वाडीत उतरते. ती परत देवळाकडे चढवताना पुढचा खांदा काकांच्या घराचा. वडील हयात असताना मुलाने तो लावायचा नाही, अशी रीत. काका उभे राहू शकले नाहीत, तर मान भाऊबंदांपैकी धाकट्या घराकडे जाणार. धाकटं घर रोज प्रकृतीची चौकशी करायला येत होतं. काकांच्या मते त्यात काळजी कमी आणि मोजमाप जास्त होतं.

सरांना मी बाहेर गाठलं. “सर, या माणसाला चालवायला हवं. झोपवून काय होणार?”

“मॅडम, आपण सेल लेव्हलवर काम करतो.”

“मी पायांच्या लेव्हलवर करते. सेल तिथेच असतात.”

“तुमचं ते ओल्ड स्कूल आहे,” असं म्हणून ते धबधब्यामागच्या केबिनमध्ये गेले.

आता ही मायटोकॉन्ड्रिया काय भानगड आहे, ते सांगते. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. स्नायूच्या प्रत्येक पेशीत असतात. ऑक्सिजनच्या मदतीने अन्नातून ऊर्जा काढतात. स्नायूला वारंवार दमवलं की पेशीत ऊर्जेची टंचाई होते. ती टंचाई हाच निरोप. तो मिळाला की पेशी नव्या तंतुकणिका उभ्या करते, असलेल्या वाढवते. मग तोच चढ कमी धापेत चढता येतो. माणूस पडून राहिला की टंचाई नाही, निरोप नाही, आणि आहेत त्याही कमी होत जातात. शिवाय जो स्नायू काम करतो, त्याच्यातच मुख्यतः ही वाढ होते. मांडीची वाढ मांडीतच. हातातल्या सुईतून ती मांडीत उतरत नाही. सुईतून जाणारी जीवनसत्त्वं शरीराला नको असली की बहुतेक लघवीवाटे निघून जातात. ती लघवी फार महाग पडते, एवढाच फरक.

मी काकांना माझ्या क्लिनिकवर बोलावलं. खुर्चीतून उठणं-बसणं, मग सपाटीवर चालणं, मग पाखाडी. पाखाडी म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची चढती वाट. वाडीतून देवळापर्यंत तीच जाते, पालखीही तिथूनच चढते. “धाप लागली पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे,” मी सांगितलं. “छातीत दुखलं तर लगेच थांबा. रोज देवळापर्यंत.”

काका प्रत्येक वेळी सांगत, “व्हय, रोज देवळात जातंय.” चेहऱ्यावर प्रामाणिकपणा. पायांत मात्र काही फरक नाही. दिवाळी होऊन बरेच दिवस झाले. मला माझ्याच विद्येबद्दल शंका येऊ लागली, तर सर म्हणाले, “बघा, एक्सरसाइजचं लिमिटेशन. अजून एक पॅकेज करूया.”

दुसऱ्या एका पेशंटकडे त्याच गावात जाणं झालं, तेव्हा उलगडा झाला. देवळासमोर एक स्कूटर थांबली आणि मागून काका उतरले.

“काका! पाखाडी?”

“अगो, पाखाडीच्या तोंडाशी जातंय रोज. पन कोन ना कोन गाडी थांबवतंच. डांबरी सडकेनं वर आनून सोडतंय.”

“नको म्हणायचं!”

“मानकरी पायी चालतोय नि आपन गाडीवर, असं कसं?” स्कूटरवाला मध्येच म्हणाला. “लोक आमाला काय बोलतील?”

“आनि बसलो नाय तर तो बोलंल, मानकऱ्याला गर्व झाला,” काका म्हणाले.

एवढा आदर केल्यावर माणूस खाटेवरून उठेल कसा? मी विचार केला आणि कॉलेजात कुणी न शिकवलेलं प्रिस्क्रिप्शन दिलं. “गावात सांगा, देवीला नवस बोललाय. शिमग्यापर्यंत रोज पाखाडीने पायी दर्शन.”

काका थोडे घाबरले. “खोटा नवस?”

“मग खरा बोला. मला दोन्ही चालतात.”

ते तिथेच गाभाऱ्यात जाऊन खरा नवस बोलले. त्यानंतर एकाही स्कूटरची थांबायची हिंमत झाली नाही. शास्त्र सांगून जे वाहन हटलं नसतं, ते देवीच्या धाकाने हटलं. सुरुवातीला काका दर चार पायऱ्यांवर बसत. हळूहळू बसणं कमी झालं. मग मी खांद्यावर तांदळाची छोटी गोणी दिली, पुढे थोडी मोठी. पौष सरला, तेव्हा ते देवळापाशी पोचून पुजाऱ्याशी भांडण्याइतका दम राखून असत. ही सुधारणा मोजायला यंत्र लागत नाही.

शिमग्याला मी गेले. ढोल वाजत होते, ऊन डोक्यावर होतं. धाकटं घर पाखाडीच्या पायथ्याशी कंबर कसून उभं होतं. काकांनी पुढचा खांदा लावला. मधल्या वळणावर पालखी डुलली, काकांचे गुडघे वाकले आणि ढोलवाल्याचा हात अडखळला. मग गुडघे सरळ झाले. पालखी वर गेली. मान राहिला. धाकट्या घराने सगळ्यांत मोठ्याने जयजयकार केला. तेवढी शिस्त त्यांच्यात होती.

डायरेक्टर सर फोटोग्राफर घेऊन आले होते. काका धाप आवरतायत तोच त्यांच्यापुढे मोबाईल धरला. “काका, ही एनर्जी कशामुळे?”

“देवीची कृपा,” काका म्हणाले.

सरांचा चेहरा पडला. माझाही फारसा वर नव्हता. तरी सेंटरच्या दारावर पालखीसह काकांचा फोटो आणि बाजूला बाटलीचं चित्र लागलं. त्यानंतर मी तिथे जाणं बंद केलं.

पुढच्या आठवड्यात काका पेढे घेऊन आले. “बाय, नवस फिटला. आता चालायचं बंद ना?”

थांबलात तर कमावलेलं काही आठवड्यांत उतरू लागेल, पेशी मागचा हिशोब धरत नाहीत, असं मी समजावलं. त्यांनी आदराने ऐकून घेतलं आणि दारात उभ्या पुतण्याच्या स्कूटरवर बसून गेले.

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर माझा निष्कर्ष असा: स्नायूला चालतं करणं सोपं आहे, त्याचा मान राखणारे लोक आवरणं अवघड.