पोळी सुटली ते तीन महिने

दिवाळीनंतर माझी साखर फार वाढलेली निघाली. गोळ्या आधीपासून होत्याच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिने धान्य पूर्ण बंद करून बघू. पोळी नाही, भात नाही, ज्वारीची भाकरीसुद्धा नाही. मी हो म्हटलं. बावन्नाव्या वर्षी वाद घालायचाही कंटाळा येतो.

मी कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या एका शाळेत शिकवते. नागपुरात प्रताप नगरातून दोन बस बदलून जायचं, म्हणून पाचला उठते. नवऱ्याच्या आणि मुलीच्या पोळ्या लाटून, भाजून, डब्यात घातल्या की स्वतःसाठी वेगळं काही करायचं त्राण उरत नसे. मग उकडलेली दोन अंडी, पनीरचे तुकडे, दही. जे हाताला सोपं तेच. धान्य खाल्लं नाही म्हणजे पथ्य झालं, अशी माझी समजूत.

पंधरा दिवसांत बद्धकोष्ठ झालं. आधी दोन दिवस, मग चार दिवस पोट साफ होईना. वर्गात फळ्यापाशी उभी असताना पोट दगडासारखं वाटायचं. शाळेत शिक्षिकांसाठी एकच संडास, तिथे मधल्या सुटीत बाहेर कोणी ना कोणी उभं. घरी सकाळी वेळ नाही, संध्याकाळी परतल्यावर नुसतं पडावंसं वाटे. एका सकाळी रक्त दिसलं. आई पोटाच्याच दुखण्यानं गेली होती. मी कोणाला काही सांगितलं नाही, बस पकडली आणि दिवसभर मुलांच्या वह्या तपासल्या.

त्याच आठवड्यात रविवारी रामटेकला बाबांकडे गेले. आमचं धानाचं शेत आहे. बाबा आता ऐंशीच्या घरात, पण अजून रोज धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चक्कर मारतात. नवा तांदूळ आला होता, वहिनीनं मऊ भात केला होता. मी ताटात फक्त भाजी घेतली. शेतातला तांदूळ लेकीनं बाजूला सारला, हे बाबांना लागलं असणार.

दुपारी मी खाटेवर पोट धरून पडले होते. बाबा येऊन पायथ्याशी बसले.

"पोट साफ होऊन नाही राहिलं का तुह्यं?"

बाबांशी मी असं काही कधीच बोलले नव्हते. आमच्यात आई होती, सगळं तिच्यामार्फत जायचं. पण इतकी थकले होते की लाजही वाटेना. म्हटलं, "पाच दिवस झाले, बाबा. रक्तही दिसलं."

"मले काहून नाही सांगितलं वं?" ते म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "मलेही होते हे. तुही आई होती तवा तिले सांगत होतो. आता कोणाले सांगू?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर नागपूरला आले. शाळेत मी रजा कळवली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. कुंथून कुंथून जखम झाली होती, दुसरं काही नव्हतं. त्यांनी मी काय खाते ते विचारलं आणि ऐकून पेन खाली ठेवलं.

"धान्य सोडलंत, त्याबरोबर पोटात जाणारा चोथाही सोडलात. त्याच्या जागी काय घेतलंत?"

मी काहीच घेतलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, ताटाचा अर्धा भाग भाजीचा हवा, उसळ हवी, पेरू सालीसकट खायचा, जवस भाजून कुटून चमचाभर. हळूहळू वाढवायचं आणि पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर त्रास वाढेल. बाबा शेजारी बसून हे सगळं स्वतःसाठीही ऐकत होते.

त्यानंतरचे महिने सोपे गेले असं म्हणणार नाही. गवार मोडा, शेवग्याच्या शेंगा सोला, मटकी भिजवा, मोड आणा. पोळीनं दोन मिनिटांत पोट भरतं. भाजी चावून चावून जबडा दुखायचा. पहिला आठवडा पोटात नुसता वारा. बसमध्ये काकडी खाताना शेजारची बाई टक लावून बघायची. नवऱ्यासाठी पोळी फुगवताना तिचा वास आला की कधीकधी डोळे भरायचे, इतक्या साध्या गोष्टीनं. शेवटी मुलगी आदल्या संध्याकाळी भाजी निवडून द्यायला लागली. वहिनी बसवाल्याजवळ तुरीच्या आणि वालाच्या शेंगा पाठवायची.

सकाळी सहाला बाबांचा फोन यायचा. "झालं का?" मी सांगायची, मग ते त्यांचं सांगायचे. बहुतेक दिवशी तेवढंच बोलणं.

तीन महिन्यांनी साखर उतरली, पुरती नाही. डॉक्टरीणबाईंनी एक भाकरी परत दिली. आनंद व्हायला हवा होता. मला फक्त भाजी चिरायचं एक काम कमी झाल्यासारखं वाटलं. पोट आता बहुतेक वेळा ठीक असतं.

बाबांचा फोन मात्र थांबला नाही. परवा त्यांनी विचारलं, शाळेत मी नेमकं काय शिकवते. माझ्या नोकरीच्या सव्वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मी सांगत राहिले, आणि पहिली बस निघून गेली.