समीक्षकाला आवडलेली शांतता

आमचा जॅझचा अल्बम ज्यांनी ज्यांनी ऐकला, त्यांना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आज सकाळी एका वेबसाइटवर त्याची पहिली समीक्षा आली. पाचपैकी दोन स्टार. माझा पियानो 'सफाईदार, पण ओळखीचा'. विलासचा बास 'ठीक'. कौतुक एकाच जागेचं: तिसऱ्या ट्यूनमध्ये ड्रम अचानक थांबतात, ती म्हणे 'धाडसी शांतता'!

धाडसी कसली? रेकॉर्डिंग डहाणूजवळ वरोरला, समुद्रकाठी, आमच्या ड्रमर हितेशच्या घरीच चाललं होतं. मधेच त्याला वडिलांच्या बोटीचं इंजिन ऐकू आलं. बोट आली की घरातल्या सगळ्यांनी मासे उतरवायला धावायचं असतं. तो स्टिक्स ठेवून पळाला. आम्ही दोघं वाजवत राहिलो.

दुपारी वरोरला जाऊन मी त्याला ते वाचून दाखवलं. तो बोंबील वाळत घालत होता.

"म्हणजे मी नव्हतो, तेवढंच आवडलं?"

मला वाटलं, हसेल. नाही हसला.

"ड्रम घेऊन जा तू. बाबा कधीचे बोलतात, बोटीवर माणूस कमी पडतो."

ड्रम आता डहाणूला माझ्या खोलीत पडलेत. संध्याकाळपासून त्यांच्यासमोर बसून तीच शांतता ऐकतोय. तुम्हीच सांगा, हिला किती स्टार देऊ?