भिंतीपलीकडची बाव

आधीच सांगते, अमानवीय वगैरे मी कधी मानलं नाही. आम्ही बौद्ध, तपासल्याशिवाय काही खरं धरायचं नाही, हे आजोबांपासून चालत आलेलं. त्यात मी पर्यावरण इंजिनियर. तेव्हा ‘सॅम्पल बदललं असेल’ म्हणणाऱ्यांनी जरा शेवटपर्यंत वाचावं!

जागा मुलुंडची. एका बंद कारखान्यात यंत्राचे भाग धुवायला क्लोरीनवालं सॉल्व्हंट वापरत. ते जमिनीत मुरलेलं. आमचा उपाय एकदम झकास — बोअर मारून लोखंडाची भुकटी आणि खास जिवाणू खाली सोडायचे. लोखंड विष फोडायला लागतं, शिवाय गंजताना हायड्रोजन सोडतं. त्यावर जिवाणू पोसतात आणि उरलेलं काम संपवतात. शेवटी राहतो निरुपद्रवी इथीन वायू.

भिंतीपलीकडे चाळ. कारखान्याची गळकी पिंपं त्या भिंतीलाच टेकलेली असायची, त्यामुळे चाळीची विहीरही नासलेली. पण आमचं कंत्राट फक्त कारखान्यापुरतं. पाणी सुधारलं नाही तर विहीर बुजवायची, असं चाळीने ठरवलं होतं. तिथल्या परबकाकांच्या वडिलांनी ती खणली होती. काकांचा जीव नुसता तुटत होता.

कामाच्या पहिल्या सकाळी काका नारळ घेऊन हजर... मालवणी गाऱ्हाणं घालायला.

“बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान जा काम काढल्यान हा, त्याका यश दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ड्रिलिंगवाले ओरडले.

“आणि भिंतीपलीकडची आमची बाव... तिचाय पाणी साफ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“काका, तुमची विहीर आमच्या स्कोपमध्ये नाही हो,” मी हसत म्हटलं.

“नसात. गाऱ्हाण्यात कोणाक वगळूचा नसता.”

काही महिन्यांनी कारखान्याचं पाणी सुधारलं. ते होणारच होतं, माझा तेवढा अभ्यास आहे. विहीर बुजवायच्या आधी काकांनी हट्टाने तिचंही पाणी तपासायला लावलं.

पाणी साफ. त्यात इथीन. आणि आमचेच जिवाणू!

आता शंका घ्या. जमिनीखालचं पाणी विहिरीकडून आमच्याकडे वाहतं, उलट नाही. कोणी गुपचूप ओतले म्हणावं, तर हे जिवाणू हवा लागली की मरतात. शिवाय जिवाणूंचे कॅन माझ्या कुलपात. दुसऱ्यांदा सॅम्पल मी स्वतः काढलं, दुसऱ्या लॅबला दिलं... तेच उत्तर. आणि विहिरीत लोखंडाचा कणही नाही. लोखंडाशिवाय याच जमिनीत आमचे जिवाणू अर्ध्यातच अडकले होते, हे मी आधी करून पाहिलंय.

विहीर वाचली. काकांनी पहिली कळशी ओढली तेव्हा माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

“काका, खरं सांगा, हे झालं कसं?”

काकांनी कळशी खाली ठेवली.

“माका काय इचारतंस गे? इंजिनियर तू!”